मिनी कन्व्हर्टिबल, वेंगुर्ला रस्ता आणि उसाचं पाचट

प्रश्न निपाणीच्या एका गृहस्थांचा आहे. नवी मिनी कूपर कन्व्हर्टिबल ही स्पोर्ट्स कार कुणी चालवली आहे का, पहिल्यांदा हातात घेतल्यावर कशी वाटते, आपल्या भागातल्या रस्त्यांवर टप उघडणारी गाडी घेण्यात काही अर्थ आहे का, आणि घरचे चौघे तीत बसतील का?

चालवली आहे, चार दिवस. गाडी माझी नाही हे आधीच सांगतो. माझं बेळगावच्या उद्यमबागेत लहानसं मशिन शॉप आहे आणि माझ्या चारचाकीच्या मागच्या सीटवर माणसांपेक्षा ओतीव कास्टिंगच जास्त बसतात. ही गाडी शहापुरातल्या माझ्या शाळूसोबत्याची. तो बरीच वर्षं बंगळूरला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये गाडी भारतात आली, त्याने घेतली, आणि आईला दाखवायची म्हणून संक्रांतीला पाचशे किलोमीटर चालवत बेळगावला आणली. त्यांच्या गल्लीत लावायला जागा नाही, तेव्हा ती माझ्या शेडमध्ये आली. किल्ली माझ्याकडे, आणि सूचना एवढीच: "सकाळी जरा चालू करून फिरवून ठेव बे." जरा म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नव्हतं.

तुम्ही तिला स्पोर्ट्स कार म्हटलंय, त्यावर एखादा काटेकोर माणूस भांडेल. सीटा चार, ओढ पुढच्या चाकांना, ही कसली स्पोर्ट्स कार? त्याच्या डोळ्यासमोर माझदाची एमएक्स-५ असते. दोन सीटा, ओढ मागच्या चाकांना, वजन टनभर, १९८९ पासून साधारण त्याच कल्पनेवर चाललेली आणि दहा लाखांवर खपलेली. ती आपल्याकडे कधी अधिकृतपणे विकलीच गेली नाही. आपल्या देशात एक धडपड झाली होती, बंगळूरच्या कंपनीची सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, दोन सीटा. मी कॉलेजात असताना टिळकवाडीत काँग्रेस रोडवर (१९२४ च्या अधिवेशनावरून नाव पडलेला तोच रस्ता) गोव्याच्या नंबरची एक लाल स्टॉर्म थांबली होती आणि आम्ही सायकली टाकून तिच्याभोवती उभे राहिलो होतो. त्यानंतर इतकी लहान, उघडी गाडी जवळून बघायला मला ही संक्रांत उजाडावी लागली. त्यामुळे तिला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी वाद घालणार नाही.

एक गंमत मात्र सांगतो. मूळ मिनी जन्मली ती पेट्रोलच्या टंचाईतून. १९५६ च्या सुएझच्या पेचानंतर इंग्लंडात पेट्रोल मिळेना, तेव्हा अ‍ॅलेक इसिगोनिस या इंजिनिअराने इंजिन आडवं बसवून, दहा इंची चाकं लावून, तीन मीटर लांबीत चार माणसं बसवली. १९५९ ची ती गाडी गरजेची होती. तिचं टप उघडणारं भावंड डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे आलं ते एक्स-शोरूम ५८ लाख ५० हजारांना. गरज हा शब्द वाटेत कुठंतरी उतरून गेला.

आता पहिला अर्धा तास. तो माझ्या दृष्टीने फजितीचाच होता. युरोपातल्या गाड्यांना इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते. उद्यमबागेतून निघून तिसऱ्या रेल्वे गेटपाशी वळताना मी सवयीने उजवी दांडी दाबली आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले. गोवावेसला तेच. आरपीडी कॉर्नरला पुन्हा तेच, आणि शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याने गंभीर चेहऱ्याने आभाळाकडे बघितलं. स्टीअरिंगच्या मागे मीटर नाही. वेग बघायचा तर डॅशबोर्डच्या मधोमध असलेल्या जेवणाच्या ताटलीएवढ्या गोल पडद्याकडे बघायचं. गिअरचा दांडाही नाही, बोटाने ढकलायची एक छोटी पट्टी आहे. इंजिन चालू करायला मात्र किल्लीसारखं पिळायचं बटण ठेवलंय, आणि ते पिळताना बरं वाटतं.

बसायची जागा इतकी खाली आहे की उसाच्या ट्रकचं चाक कानाशी येतं. गावातल्या रहदारीत आपण कुणाला दिसत नाही अशी धाकधूक असते. खरं तर उलटच असतं, सगळे तुमच्याकडेच बघत असतात. अडचण ही की बघणाऱ्यांपैकी निम्मे दुचाकी चालवत असतात.

टपाचं यंत्र मला फार आवडलं. कापडी टप आहे, बटण दाबलं की १८ सेकंदांत मागे घडी होऊन बसतो, आणि त्यासाठी थांबावं लागत नाही. ताशी ३० किलोमीटरच्या आत असलात की चालता चालता उघडतो आणि मिटतो. अर्धवट उघडायचीही सोय आहे, तेव्हा फक्त डोक्यावरचा भाग सरकतो. डिकी खाली पडते, ट्रकच्या फाळक्यासारखी. त्या फाळक्यावर मी दोन दिवस चहा पीत बसलो होतो. डिकीची जागा टप बंद असताना २१५ लिटर, उघडा असताना १६०. एक मध्यम बॅग आणि कुंद्याचे दोन बॉक्स, संपलं. स्टेपनी नाहीच, हे विसरू नका. पंक्चर झालं की आपल्याकडे चौकाचौकात माणूस आहे, पण असलं बारीक कडेचं टायर हातात घेताना तोही दोनदा विचार करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला हिंडलग्याच्या गणपतीला हात जोडले, टप खाली घेतला आणि वेंगुर्ला रस्त्याला लागलो. सुळगे, उचगाव फाटा, बाची, शिनोळी आणि पाटणे फाट्यापर्यंत. तुम्हाला जर या गाडीबद्दल एकच गोष्ट माझ्याकडून ऐकायची असेल तर ती त्या रस्त्यावरची आहे.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो. पायाशी हीटर लावला, काचा वर घेतल्या. पोटऱ्यांना ऊब आणि टाळूला थंडी, शेकोटीच्या उलट प्रकार. मी ४५ ते ५५ च्या वेगात होतो, कारण त्या रस्त्यावर त्याहून जास्त वेगाने जाणं मला जमत नाही आणि कुणाला जमू नये. आणि त्या वेगात रस्ता आत यायला लागला. हा रस्ता मी हजारदा गेलोय, शिनोळीच्या एमआयडीसीत माझं काम असतं. तरी मला माहीत नव्हतं की सुळग्याच्या पुढे एका वळणावर हवा एकदम दोन-तीन अंशांनी गार होते, बहुतेक ओढ्यामुळे. चुलीच्या धुराचा वास, मग शेणाचा, मग भाताच्या गंजीचा, मग दुधाचे कॅन लटकवून बेळगावकडे येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडातला तंबाखूचा. देवळातला स्पीकर लांबून ऐकू येतो, जवळ येतो, मागे पडतो, बंद गाडीत त्याचा फक्त मधला तुकडा कळतो. एका शेतात मोटर चालू होती, पाइपातून पाणी पडत होतं, त्याचा आवाज मी चालत्या गाडीत ऐकला.

हे सगळं जीपमध्ये मिळतं, असं तुम्ही म्हणाल. बरंचसं मिळतं. आमच्या भागातला माणूस उघड्या गाडीला नवखा नाही. जत्रेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वरातीला टेम्पोत, शाळेच्या सहलीला जीपच्या फाळक्यावर पाय लोंबकळत सोडून आम्ही सगळे वाढलोय. पण जीपला स्वतःचाच आवाज इतका असतो की बाहेरचं काही ऐकू येत नाही. ही गाडी गप्प बसते आणि बाहेरच्याला बोलू देते. फरक एवढाच, आणि माझ्या लेखी तो मोठा आहे.

वाऱ्याचं एक शास्त्र कळलं. मला वाटायचं धूळ समोरून येते. उघड्या गाडीत ती मागून येते. पुढच्या काचेवरून हवा उसळून जाते, काचेच्या मागे दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरायला मागची हवा उलटी फिरून पुढे येते. म्हणजे तुमच्याच चाकांनी उडवलेला फुफाटा तुमच्या मानेवर. त्यासाठी मागच्या सीटांवर लावायची एक जाळी असते. ती लावली तर ८० च्या वेगातही शेजाऱ्याशी बोलता येतं, पण मग मागे कुणी बसू शकत नाही. निवड तुमची.

आता रस्त्याच्या खाचखळग्यांचं. इथे माझ्यातला मशिन शॉपवाला जागा होतो, माफ करा. चारी बाजूंनी बंद असलेली चौकोनी नळी घ्या आणि दोन्ही टोकं धरून पिळून बघा, ढिम्म हलत नाही. तिचीच एक बाजू कापून उघडं चॅनल करा. धातू तोच, जाडी तीच, पण आता ती चिंध्या पिळल्यासारखी वळते. गाडीचं छत कापणं म्हणजे नेमकं हेच. म्हणून उघड्या गाडीत खालून जादा आडवे आधार घालावे लागतात, दाराखालचे उंबरे जाड करावे लागतात, काचेची चौकट भक्कम करावी लागते. वजन वाढतं आणि तरीही थोडी थरथर उरते. ती बघायची असेल तर एक चाक खड्ड्यात आणि तिरकं दुसरं चाक उंचवट्यावर अशा जागी आतल्या आरशाकडे बघायचं. बाचीच्या अलीकडे अशा जागा मुबलक आहेत, प्रयोगासाठी वेगळा ट्रॅक लागत नाही. आरशातलं चित्र जरासं हललं. दारं, डॅशबोर्ड, काच, कुठूनही कुरकुर आली नाही. कापलेल्या नळीला इतकं घट्ट ठेवणं सोपं काम नव्हे, ज्यांनी केलंय त्यांना माझा नमस्कार.

स्प्रिंग मात्र कडक आहेत, मिनीचा तो जुनाच स्वभाव. रस्ता तुमच्या मणक्याला सगळं सांगतो. त्याच्या बदल्यात स्टीअरिंग असं आहे की विचार केला आणि नाक वळलं. पाटणे फाट्याकडच्या वळणांवर, काजूच्या झाडांमधून, मी तीच दोन वळणं परत जाऊन पुन्हा घेतली. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने हे कबूल करायला नको, पण केलं. गतिरोधकांचं काय म्हणाल तर, पांढरे पट्टे असलेले त्रास देत नाहीत. एका गावात रात्रीतून कुणीतरी मुरूम टाकून केलेला होता, तिथे पोटाला घासलं. त्या आवाजाने मला घाम फुटला, गाडीला काही झालं नाही. नंतर असे गतिरोधक मी तिरके घेतले, होडी लाटेवर घालतात तसे.

शिनोळीत महाराष्ट्राची हद्द ओलांडली की पाट्यांवरची लिपी बदलते, एसटी लाल होते. माणसं तीच, प्रश्नही तेच. चहाच्या टपरीवर एका आजोबांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"टप कुठं गेला ह्याचा?"

"हाय की मागं. दुमडून ठेवलाय."

"आन् पावसात काय करतासा?"

मी बटण दाबून टप वर आणून दाखवला. त्यांनी बोटाने कापड दाबून बघितलं. "ताडपत्रीच की ही," म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं. दुसऱ्याने वरातीचं भाडं विचारलं. आमच्या भागात उघडी गाडी म्हणजे एक तर नवरा, नाही तर निवडून आलेला उमेदवार, तिसरा कुणी तीत बसत नाही. चार दिवसांत मला वरातीचं भाडं पाच जणांनी विचारलं. साठ लाखांची गाडी घेताना हा धंदा कुणी हिशेबात धरत नाही, धरावा.

पावसाचा प्रश्न मी टाळत नाही. जानेवारीत पाऊस कुठला, म्हणून आम्ही वॉशिंगवाल्याकडे नेली आणि टपाच्या शिवणींवर सगळीकडून फवारा मारायला सांगितला. तो घाबरत होता, आत पाणी गेलं तर माझ्यावर येईल म्हणून. एक थेंब आत आला नाही. पण आपला पाऊस म्हणजे दहा मिनिटांचा फवारा नव्हे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत टप उघडायचा नाही असं धरूनच चला. मार्च-एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर डोकं भाजतं. म्हणजे उघडी गाडी खऱ्या अर्थाने ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, आणि त्यातही सकाळचे दोन तास, संध्याकाळचा एक. मी हिशेब केला आणि मित्राला सांगितला. तो म्हणाला, "तू हिशेब करू नको." बंगळूरला राहून माणूस असा होतो.

हायवेबद्दल फार लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी मालक शेजारी बसला आणि आम्ही राष्ट्रीय महामार्ग ४८ ने वंटमुरी घाटातून संकेश्वरपर्यंत गेलो. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २०४ हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन मीटर टॉर्क, आपोआप गिअर बदलणारा ७ गिअरचा डबल क्लच गिअरबॉक्स. शंभरला ६.९ सेकंदांत पोचते असं कंपनी सांगते आणि पाठीला त्यात खोटं काही वाटलं नाही. गो-कार्ट नावाचा एक मोड आहे, तो लावला की गाडी स्वतःच आनंदाने एक आरोळी ठोकते. पहिल्यांदा हसू येतं, चौथ्यांदा नाही. शंभरच्या पुढे टप उघडा ठेवण्यात मला काही मजा वाटली नाही. वारा कानात भणभणतो, वास येत नाहीत, ट्रकचा धूर तेवढा येतो. २०४ घोड्यांसाठी ही गाडी घेणार असाल तर तुमचे पैसे चुकीच्या जागी चाललेत, त्याच पैशात छत असलेल्या जास्त वेगवान गाड्या आहेत. ती पन्नासच्या वेगात पैसे फेडते, आणि आपले रस्ते पन्नासच्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणून मी म्हणतो की तुमच्या "आपल्या रस्त्यांवर अर्थ आहे का" या प्रश्नाचं उत्तर मला अपेक्षेपेक्षा उलटं मिळालं.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी निपाणीकर म्हणून तुम्हाला हद्दीपलीकडचा मोह होणारच. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के, म्हणजे या गाडीला साडेदहा लाख, त्यावर सेस वेगळा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १३ टक्के. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्रातलं कागल, म्हणजे मनात कोल्हापूरच्या एमएच ०९ ची पाटी येणारच. पण राहता कर्नाटकात, गाडी फिरणार कर्नाटकात, तर कर इथलाच भरा. एवढी नजरेत भरणारी गाडी लपवून चालवता येत नाही.

राहिला चौघांचा प्रश्न. चौथ्या दिवशी तो प्रयोग केला. पुढे काकू, म्हणजे मित्राची आई, मांडीवर तिळगुळाचा डबा. चालवायला तो. मागे मी आणि त्याची दहा वर्षांची मुलगी. शहापुरातून कपिलेश्वरापर्यंत. मुलगी मजेत होती. माझे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुतले होते आणि मान अशी तिरकी की समोरचं काही न दिसता फक्त दुकानांच्या पाट्या दिसत होत्या. काकूंनी आधी विचारलं, "उलटली तर रे?" मित्राने सांगितलं की मागच्या सीटांमागे आडव्या कमानी लपवलेल्या आहेत, गाडी उलटायला लागली की आपोआप वर उसळतात. काकूंना हे पटलं नाही. त्यांनी पदर डोक्यावरून घेऊन घट्ट धरला. खडे बाजाराच्या तोंडाशी गर्दी लागली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "टप घाल की रे, लोक बघायलेत." त्याने घातला नाही. कपिलेश्वराच्या पुलावर वारा लागला तसा त्यांनी पदर सोडला, आणि परतताना ओळखीच्या एका बाईला गाडीतूनच हाक मारून तिळगूळ दिला. खाली उतरावं लागलं नाही, हात लांब केला की झालं.

तेव्हा चौघे बसतात, पण दोघे मोठे आणि दोघे शाळेतले असतील तर. तुमची मुलं कॉलेजात असतील तर मागे बसल्यावर ती तुम्हाला आयुष्यभर ऐकवतील. घरात दुसरी, पोती-पाहुणे वाहणारी गाडी असेल तरच ही घ्या. नुसती हवाच हवी असेल तर मारुतीची जुनी जिप्सी शोधा, पाऊण मजा तीत आहे. आणि घेतलीत तर निपाणीहून तवंदी घाटावर सूर्य उगवायच्या आत जा, मग ऊसवाहतूक सुरू होते.

उसावरून आठवलं. संकेश्वरहून परतताना आम्ही दोन ट्रॉल्यांच्या एका ट्रॅक्टरमागे अडकलो. वर डेक लावलेला, एक गाणं मराठी, पुढचं कन्नड, आणि प्रत्येक धक्क्याला वाळलेल्या पाचटाचा एक झुबका आमच्या डोक्यावर. वेग जेमतेम २०. पुढे जायला जागा नाही. तेव्हा मला कंपनीने ताशी ३० ची मर्यादा कुणासाठी ठेवलीय ते कळलं. चालता चालता टप बंद केला. पण उशीर झाला होता. काल बंगळूरहून मित्राचा फोन आला, टपाच्या घडीतून अजून पाचट पडायलंय म्हणून.